सतराव्या गठ्ठ्याची कातडी

पत्र्यावर मांडलेल्या वस्तू अशा होत्या. पांढऱ्या प्लास्टिकचे तुकडे दोनशे बारा. त्यांतला सर्वांत मोठा ओंजळीएवढा, सर्वांत लहान नखाएवढा. हिरव्या जाळीच्या धाग्यांचा एक गुंता, सोललेल्या नारळाएवढा. सुतळीचे सात तुकडे. दोन स्क्रू. काळं पडलेलं एक रुपयाचं नाणं. सगळ्यांचं मिळून ओलं वजन नऊ किलो तीनशे ग्रॅम.

हे सारं मैनेच्या पोटातून निघालं होतं. डॉक्टर फटांगरे यांनी तिची डावी कूस उघडली होती आणि खांद्यापर्यंत हात आत घालून दीड तास ते एकेक तुकडा बाहेर काढत होते. सिंधू कानवडे तो बादलीतून उचलून धुवायची, पत्र्यावर ठेवायची आणि मोजायची. मोजायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. हातांना काम हवं होतं.

टाके घालून झाल्यावर डॉक्टरांनी हात धुतले. गाय उकिरड्यावर जाते का, असं त्यांनी विचारलं. मैना दावणीची गाय होती. जन्मल्यापासून गोठ्याच्या आवाराबाहेर गेलेली नव्हती. डॉक्टर पत्र्याकडे बघत राहिले.

"मग हे तुमच्याच गव्हाणीतलं आहे, सिंधूताई," ते म्हणाले.

मैना चौथ्या दिवशी गेली. हे सन २०३८च्या सप्टेंबरातलं. संगमनेरच्या पुढं वाकदरा नावाचं गाव आहे, तिथं सिंधू आणि तिचा नवरा रावसाहेब यांच्या गोठ्यात मैनेमागं चौदा गाई उरल्या.

डॉक्टर म्हणाले ते खरंच होतं, आणि ते सिंधूला पत्र्यावर बघताक्षणी कळलंही होतं. पंधरा वर्षं ती मुरघासाचे गठ्ठे उघडत होती. मुरघास म्हणजे खरं तर साधी गोष्ट. मका चिकात आला की हिरवागार कापायचा, कुट्टी करायची, दाबून दाबून त्यातली हवा काढायची आणि पुन्हा आत येऊ द्यायची नाही. हवा नसली की मक्यावरचे लॅक्टिक जिवाणू त्यातल्या साखरेचं आम्ल करतात, चारा आंबूस होतो आणि वर्षभर टिकतो. सारा खेळ त्या हवेचा. ती बोटभर फटीतून शिरली तरी आत बुरशी धरते. म्हणून यंत्र गठ्ठा बांधतं, त्याला जाळी लावतं आणि वरून पांढऱ्या प्लास्टिकचे सहा पदर गुंडाळतं. साडेतीनशे किलोच्या गठ्ठ्याला किलोभर प्लास्टिक. उघडताना ते विळ्यानं फाडावं लागतं. फाडताना एखादा कोपरा चाऱ्यात राहतो, चारा गव्हाणीत जातो. गाय जिभेचा वेढा घालून घास ओढते. तिच्या जिभेला निवड करता येत नाही.

म्हणजे सिंधूनंच स्वतःच्या हातांनी मैनेला ते भरवलं होतं.

तिनं भाचीला फोन लावला.

*

ईश्वरी सिंधूच्या भावाची मुलगी. आई लवकर गेली, तेव्हापासून बारावीपर्यंत ती वाकदऱ्यातच, आत्याच्या हाताखाली वाढली. आता पंचविशीची होती आणि चारापिकांच्या एका संशोधन केंद्रात सूक्ष्मजीवांवर काम करत होती. फोनवर तिनं सगळं ऐकून घेतलं, तुकड्यांचा आकडा दोनदा विचारला आणि पुढच्याच आठवड्यात पाच लिटरचा एक कॅन घेऊन आली. कॅनमधलं पाणी ताकासारखं गढूळ होतं आणि त्याला कच्च्या व्हिनेगरचा वास येत होता.

त्यात काय आहे हे तिनं ओसरीवर बसून सांगितलं. शिर्क्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या बरणीत वर जी जाड साय धरते, ती करणारे जिवाणू या पाण्यात होते. फक्त केंद्रानं गेली सहा वर्षं निवडून निवडून त्यांची चिवट जात तयार केली होती. हा जिवाणू साखर खातो आणि तिचे रेणू एकापुढं एक ओवून सेल्युलोजचा धागा सोडतो. कापूस ज्याचा असतो तेच सेल्युलोज. एकेक जिवाणू तासाला दहा कोटींच्या आसपास रेणू ओवतो. त्याला जगायला हवा लागते, म्हणून तो गठ्ठ्याच्या आत न जाता बाहेरच्या अंगाला राहतो. आतून झिरपणारा मक्याचा गोड रस खायचा, बाहेरून येऊ पाहणारा ऑक्सिजन वापरून टाकायचा आणि धागे विणत राहायचं. वरून उसाच्या मळीतून काढलेल्या मेणाचा पातळ फवारा मारला की ही विणलेली कातडी ओली राहते.

"म्हणजे दारावरचा राखणदारच चोराला खातो," रावसाहेब म्हणाले.

"अगदी तसंच, मामा." आत्याच्या नवऱ्याला ती मामा म्हणायची. "आणि उघडायला विळा नको. कातडीसकट चारा गाईला घालायचा. ती कातडीही पचवते."

ईश्वरीला बारा गठ्ठ्यांवर प्रयोग करायचा होता. बाकीचे प्लास्टिकमध्ये राहू देत, असं तिचं म्हणणं. सिंधूनं ऐकून घेतलं, उठली, पत्र्यावरचा तो हिरवा गुंता घेऊन आली आणि ओसरीवर ठेवला. माझ्या गोठ्यात हे पुन्हा येणार नाही, ती म्हणाली. घालायची तर शहाण्णवही गठ्ठ्यांना तुझी कातडी घाल.

शहाण्णव गठ्ठे म्हणजे चौदा गाईंचा मार्च ते जून असा चार महिन्यांचा चारा. त्या वर्षी पाऊस निम्माच झाला होता. उन्हाळ्यात आसपास कुठं हिरवी काडी मिळणार नव्हती. कातडी फसली तर मे महिन्यात चौदाही गाई बाजारात उभ्या कराव्या लागतील, हे रावसाहेबांनी बायकोला शांतपणे समजावून सांगितलं. ईश्वरीनंही तेच सांगितलं, जरा कमी शांतपणे. सिंधू दोघांना चहा देत राहिली. शेवटी रावसाहेब भाचीला म्हणाले, "तू तिच्याकडंच वाढलीस ना? मग कशाला दम घालवतेस?"

ईश्वरीनं एकच अट घातली. एकदा फवारल्यावर गठ्ठ्यांना कुणीही हात लावायचा नाही. आत प्रत्येकी एक टाचणीएवढा सेन्सर असेल, तो ऑक्सिजनचा आकडा तिला केंद्रात पाठवील. काही बदल करायचा तर ती करील आणि लिहून ठेवील.

ही अट सिंधूसाठी होती आणि ती का होती हे दोघींना ठाऊक होतं. ईश्वरी आठवीत असताना तिनं खिडकीत एका बाटलीत भाकरीच्या तुकड्यावर सात रंगांची बुरशी वाढवली होती, रोज तिचं चित्र काढत होती. अठराव्या दिवशी सिंधूनं ती बाटली राखेनं घासून लख्ख करून पालथी घातली. पोरगी दोन दिवस जेवली नव्हती.

*

सत्तावीस नोव्हेंबरला गठ्ठे बांधून झाले. मोकळ्या जागेत आठ रांगा, एकेका रांगेत बारा; नंबर रांगेनं न देता बांधल्याच्या क्रमानं दिले. ईश्वरीनं पाठीवरच्या पंपानं दोन्ही फवारे मारले आणि रांगांपुढं पाटी रोवली: हात लावू नये.

पहिल्या दिवशी काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधू चूळ भरून तिकडं गेली आणि जागच्या जागी थांबली. शहाण्णव हिरवे गठ्ठे पांढुरके झाले होते. तापवून ठेवलेल्या दुधावर धरावी तशी साय प्रत्येकाच्या अंगावर धरली होती. उन्हात ती किंचित हलल्यासारखी वाटत होती. तिसऱ्या दिवशी साय जाड झाली. चौथ्या दिवशी ती ताणून बसली आणि गठ्ठ्यांना टिचकी मारली की पिकल्या कलिंगडासारखा आवाज येऊ लागला. टिचकी ईश्वरीनं मारली. सिंधूचे हात पाठीमागं होते.

मग ईश्वरीनं सतराव्या गठ्ठ्याला ब्लेडनं बोटभर चीर दिली. चिरेतून रसाचा एक थेंब आला. दुसऱ्या दिवशी त्या जागी ओलसर जाळं दिसत होतं, तिसऱ्या दिवशी चीर कुठं होती ते शोधावं लागलं. रस आला, हवा आली, की तिथले जिवाणू पुन्हा विणायला लागतात, असं ईश्वरीनं सांगितलं. सिंधू त्या जागेकडं बघत राहिली. तिनं जखमा भरताना पाहिल्या होत्या, माणसांच्या, गाईंच्या, झाडांच्या. चाऱ्याला जखम भरताना ती पहिल्यांदा पाहत होती.

डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी असे गेले. सेन्सरचे आकडे अर्ध्या टक्क्याच्या खाली राहिले. एक मार्चला शहाण्णवावा गठ्ठा फोडला; कातडी हातानं फाडली तेव्हा जाड कापडासारखी टरकली. आत पिवळसर, आंबूस, स्वच्छ मुरघास. गाईंनी आधी कातडीच ओढून घेतली.

*

होळी झाली आणि ऊन तापलं. पारा एक्केचाळीसवर गेला, हवेत ओल म्हणून राहिली नाही. सर्वांत पश्चिमेकडच्या रांगेला दुपारचं ऊन सरळ लागायचं. पंचवीस मार्चला सिंधूनं पाहिलं, तर त्या रांगेतल्या गठ्ठ्यांच्या खांद्यांवरचं मेण खपलीसारखं सुटलं होतं आणि खालच्या कातडीला भेगा होत्या. काही केसाएवढ्या, काही गव्हाच्या दाण्याएवढ्या रुंद. अकरापासून बावीसपर्यंत, बारा गठ्ठे.

तिनं ईश्वरीला फोन लावला. लागला नाही, ती दोन दिवस कुठल्याशा परिषदेला गेली होती.

सिंधूची आई धान्य कणगीत ठेवायची. कणगीला भेग दिसली की भेग बुजवायची, त्यात विचार करण्यासारखं काही नसे. बोलणं चालू असताना हात शेणामातीकडे जायचा. सिंधूचंही तसंच झालं. पाटी वाचता येत होती, अट आठवत होती, पण भेगेतून हवा आत जातेय हे तिला डोळ्यांनी दिसत होतं. तिनं घमेल्यात शेण घेतलं, माती घेतली, पाणी घातलं आणि अकराव्या गठ्ठ्याच्या खांद्यावरून हात फिरवला. चार बोटांच्या कमानी उमटल्या. अकरा, बारा, तेरा झाले आणि शेण संपलं. बाकीचं सकाळीच गोबरगॅसच्या टाकीत गेलं होतं. मग तिनं विहिरीखालच्या पट्टीतली काळी माती आणली, ढेकळं फोडून भिजवली आणि चौदापासून बावीसपर्यंत नुसत्या मातीनंच लिंपलं. काळी माती वाळली की फाटते हे तिला ठाऊक होतं, म्हणून पुढचे आठ दिवस रोज सकाळी ती पाण्याचा हबका मारत राहिली.

रावसाहेबांनी पाहिलं. ते एवढंच म्हणाले, "पाटीला पण एक हात मार. वाचता येत नव्हती म्हणून सांगता येईल."

तिसऱ्या दिवशी ईश्वरीचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा वरचा होता. पश्चिमेच्या रांगेतला ऑक्सिजन चार टक्क्यांवर गेला होता, तिनं आकडे पाहून आशाच सोडली होती, आणि आता तो आपोआप खाली यायला लागला होता. सतराव्याचा तर सर्वांत वेगानं. कातडीनं एवढ्या उन्हात स्वतःला सांधलं होतं.

"तू हात नाही ना लावलास, आत्या?"

सिंधूला घासून लख्ख केलेली बाटली दिसली.

"नाही," ती म्हणाली.

*

सहा एप्रिलला सकाळी ती मुद्दाम अकराव्या गठ्ठ्याकडं गेली. पाळी दुसऱ्या रांगेची होती, पण आत काय चाललंय हे न कळता तिला घास गोड लागत नव्हता. तिनं कातडी फाडली आणि मागं सरली. वास आंबूस नव्हता. कुजट, खवट लोण्याचा होता, घशात बसणारा. आतला चारा काळपट आणि बुळबुळीत झाला होता. तिनं मूठभर गव्हाणीत टाकून पाहिलं. गाईंनी हुंगलं आणि तोंड फिरवलं.

त्याच दुपारी ईश्वरी आली. मोटारसायकल लावता लावताच सांगू लागली. केंद्रानं तिचे आकडे पाहिले होते. या खरिपात आठ गावांत, चार हजार गठ्ठ्यांवर फवारणी करायचं ठरत होतं. उद्या तिचा अहवाल गेला की झालं. सेन्सरचा आकडा चांगला तर चारा चांगला, इतका सोपा नियम शेतकऱ्यांना सांगता येणार होता.

सिंधूनं तिला पाणी दिलं. मग अकराव्याचा सेन्सर काय म्हणतो, असं विचारलं.

ईश्वरीनं फोन पाहिला. पहाटेपर्यंत शून्य पूर्णांक चार. उत्तम.

"चल," सिंधू म्हणाली.

वास दहा पावलांवरूनच आला. ईश्वरी गठ्ठ्याशी वाकली, चारा बोटांत चोळला, सामू म्हणजे पीएच मोजला. साडेपाच. चारच्या आत असायला हवा होता. मग तिची नजर फाडलेल्या कातडीवर गेली. तिच्यात, अर्धपारदर्शक सायीच्या आत, चार बोटांच्या कमानी दिसत होत्या.

"मी लिंपले," सिंधू म्हणाली. "बारा. आणि तुला खोटं सांगितलं."

ईश्वरीनं फोन खिशात टाकला. ती त्या गठ्ठ्याशेजारी उकिडवी बसली आणि त्या कमानींवरून बोट फिरवू लागली. सिंधूला वाटलं, ही आता उठेल आणि गाडीला किक मारेल.

"मी उद्या अहवाल पाठवला असता," ईश्वरी अखेर म्हणाली. "आठ गावांनी तुझ्यासारखंच सगळं प्लास्टिक सोडून दिलं असतं. आणि पुढच्या चैत्रात त्यांच्या भेगा उघड्या राहिल्या असत्या. तिथं आत्या कुठून आणायची?"

"म्हणून तर सांगितलं."

"नऊ दिवस लागले."

"लागले," सिंधू म्हणाली. "बाटलीच्या वेळी तू मला काही बोलली नव्हतीस. नुसती जेवली नाहीस. ते पुन्हा बघायचं नव्हतं मला."

ईश्वरीनं मान वर केली. आत्याच्या नखांत अजून काळी माती होती.

"कोणकोणत्या गठ्ठ्यांना काय लावलंस ते आठवतंय?"

सिंधूला सगळं आठवत होतं. अकरा ते तेरा शेणमाती, पुढं नुसती माती, सतराव्याला दोन हात कारण त्याची भेग मोठी होती, एकोणिसाव्याला माती थोडी पातळ झाली होती. ईश्वरीनं वही काढली आणि लिहून घेतलं. बारावा आणि तेरावा फोडला, तेही अकराव्यासारखेच कुजले होते. मग चौदापासून बावीसपर्यंत एकेकाच्या खांद्याला तळहाताएवढं भोक पाडून तपासलं. नऊही गठ्ठे आतून पिवळसर, आंबूस, स्वच्छ होते. सतराव्याचा सामू तीन पूर्णांक नऊ.

आणि ज्यांना कुणीच हात लावला नव्हता, अशा दुसऱ्या रांगेतल्या चार गठ्ठ्यांना नुकत्याच पडलेल्या भेगांखाली निळसर बुरशी होती.

*

सूक्ष्मदर्शक डब्याएवढा होता, तो फोनला जोडता यायचा. ईश्वरीनं सतराव्याच्या कातडीचा भाताच्या शिताएवढा तुकडा काचेवर ठेवला आणि ओसरीच्या सावलीत तिघं त्या पडद्यावर वाकली.

आधी नुसतं धुकं होतं. मग धागे दिसले, हजारो, एकमेकांतून गेलेले. धाग्यांच्या टोकाशी आखूड काड्या होत्या; त्या जिवंत होत्या आणि चालत होत्या. धागा सोडताना त्याच्याच रेट्यानं जिवाणू मागं ढकलला जातो, त्यामुळं प्रत्येक काडी स्वतःची वाट विणत उलटी जात होती. आणि त्या विणीत, एकावर एक, आडवे, काळसर पापुद्रे अडकले होते. कौलांसारखे.

"ही तुझी माती," ईश्वरी म्हणाली. तिचा आवाज फार हलका झाला होता.

आपल्या काळ्या मातीचा कण, तिनं सांगितलं, म्हणजे पापुद्र्यांची चळत असते. त्यातला एक सुटा पापुद्रा मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाइतका पातळ, या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारा. दिसतायत त्या चळती. हवा त्यांच्यातून जाऊ शकत नाही. तिला प्रत्येक पापुद्र्याला वळसा घालून, फट शोधून, पुढच्याला पुन्हा वळसा घालावा लागतो. सरळ वाट होती तिथं भुलभुलैया होतो. शिवाय ही माती पाणी पिऊन फुगते आणि धरून ठेवते. आत्याचा रोजचा हबका तिनं साठवला, त्यावर जिवाणू उन्हात जगले, आणि जगले म्हणून त्यांनी मातीभोवती धागे विणले.

"म्हणून ती फाटली नाही," सिंधू म्हणाली. भिंतीच्या गिलाव्यात भुसा कालवतात, तशी ही माती धाग्यांनी धरली होती. फक्त हा भुसा कुणी कालवला नव्हता. तो मातीत येऊन राहिला होता.

"आणि शेणाचं?" रावसाहेबांनी विचारलं.

शेणानं हवा अडवली होती, सेन्सर खोटं बोलत नव्हता. पण आधी भेगेतून शिरलेल्या हवेवर वाढलेल्या बुरशीनं तिथलं आम्ल खाल्लं होतं, आणि शेणात असे जिवाणू असतात ज्यांना हवा नकोच असते. आम्ल गेलेलं, हवा बंद झालेली. त्यांना हवं तसं घर सिंधूनं बांधून दिलं होतं. सेन्सर फक्त हवा मोजत होता. ईश्वरीनं वहीत लिहिलं: सामूही मोजणे. खाली दोन रेघा ओढल्या.

सिंधू पडद्यावरून नजर काढत नव्हती. पस्तीस वर्षं ती या मातीत राबली होती. तिला पेरली होती, खणली होती, टाचांच्या भेगांतून घासून काढली होती. तिच्यात अशी कौलं रचलेली आहेत हे तिला आज कळत होतं, आणि त्यांच्यामधून ते उलटे चालणारे विणकर सावकाश, न थांबता जात होते. एक काडी पापुद्र्याच्या कडेशी आली, अडली, वळली आणि पुन्हा विणू लागली. सिंधूनं श्वास धरून ठेवला होता. सोडला तेव्हा फोनची काच धूसर झाली आणि ईश्वरीनं हसून पदरानं पुसायला सांगितलं.

त्या संध्याकाळी ईश्वरीनं केंद्रातल्या तिच्या साहेबांना फोन केला. ती अंगणाच्या कडेला उभी राहून बोलत होती. सिंधूला शब्द ऐकू येत नव्हते, फक्त भाचीची पाठ दिसत होती. परत आल्यावर तिनं सांगितलं, आठ गावांचं काम थांबलं. निदान एक वर्ष. आकडे कोणाच्या हातानं आले हे आधी का कळलं नाही, असं तिला विचारण्यात आलं. सिंधूनं ताट वाढलं. तिचं लक्ष भाचीच्या हाताकडं होतं. ईश्वरीनं भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि खाल्ली.

*

त्या आठवड्यात ऊन आणखी चढलं आणि बाकीच्या रांगाही तडकू लागल्या. पन्नासावर चार गठ्ठे लिंपायचे होते. रावसाहेबांनी दोन ट्रॉल्या काळी माती आणली, ईश्वरीनं ती चाळली, तापवून गार केली आणि तिच्यात कॅनमधलं पाणी मिसळलं, म्हणजे विणकर मातीबरोबरच जातील. भेगांखालची बुरशी खरवडून काढली. पंप बाजूला राहिला. किती जाड थर द्यायचा हे ईश्वरी पट्टीनं मोजून सांगत होती; तिसऱ्या गठ्ठ्यानंतर तिनं पट्टी खिशात टाकली, कारण सिंधूचा हात दर वेळी तीन मिलिमीटरवरच थांबत होता.

ईश्वरीनं स्वतःही एक गठ्ठा लिंपला. तिच्या कमानी वाकड्यातिकड्या आल्या.

"शिकलेल्या हाताचं काम कळतंय," रावसाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून आकडे उतरू लागले. ओसरीवर फोन मध्ये ठेवून तिघं बघत बसायची. पस्तीस नंबर तीन टक्क्यांवरून दोनवर. बेचाळीस एकवर. त्र्याहत्तर अर्ध्यावर. बाहेर त्रेचाळीस अंश ऊन होतं, पाखरू उडत नव्हतं, आणि त्या रखरखाटात त्रेसष्ट काळे गठ्ठे एकेक करून हवेला आपलं दार लावून घेत होते.  आकडा बदलला की सिंधू फक्त बोट दाखवायची.

ईश्वरीनं पाटी उपटली नाही. तिनं वहीत एक नवा रकाना आखला.

तीन गठ्ठे कुजले होते, खरवडण्यात थोडा चारा गेला होता, म्हणून मे महिन्यात सिंधूनं माप कमी केलं आणि उरलेली पोटं कडब्यावर भागवली. दूध घटलं. गाई वाळल्या, पण दावणीला राहिल्या. जूनच्या मध्याला पाऊस आला, त्यावर घास वाढायला आणखी दोन आठवडे लागणार होते. तोवर रांगांच्या जागी ओली गोल खूण तेवढी राहत गेली. शेवटी एकच गठ्ठा उरला. तो सिंधूनं मुद्दाम मागं ठेवला होता. खांद्याला पडलेल्या भोकावर नवी कातडी येऊन गेली होती. तिच्या दोन हातांच्या कमानी एकावर एक तशाच होत्या.

ईश्वरी त्या दिवशी तराजू घेऊन आली. सिंधूनं हातांनी कातडी फाडली. चौदा गाईंच्या गव्हाणीत चारा गेला, कातडी गेली, कमानी गेल्या. ईश्वरीनं गव्हाणी चाळून पाहिल्या, रिकामी जागा झाडून तो केर चाळला आणि वहीत नोंद केली:

गठ्ठा १७. बांधला २७ नोव्हेंबर २०३८, उघडला २९ जून २०३९. दिवस २१४. ऑक्सिजन ०.३ टक्के. सामू ३.९. वजनातली घट ४.१ टक्के. बुरशी नाही. हात लावला : होय, सिंधू कानवडे. प्लास्टिक : ० ग्रॅम.